राडारोड्यातून उभी राहिलेली भिंत

आजचा एपिसोड चीनमधल्या आर्किटेक्ट लोकांबद्दल आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रील्समध्ये त्या बिल्डिंगा पाहिल्या असतील. पिळलेला टॉवर, ढगासारखं ऑपेरा हाउस, छपरावरून सुटलेली चकचकीत वावटळ. तिथेही जाऊ आपण. पण सुरुवात एका पाडलेल्या घरापासून करतो, कारण मला स्वतःला हा सगळा इतिहास तिथून कळायला लागला.

जानेवारी २०१२. चिनी नववर्षाच्या सुट्ट्यांचे दिवस. बीजिंगच्या जुन्या भागात हुतोंग असतात. हुतोंग म्हणजे बोळ, आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना मधे चौक असलेली बैठी घरं. आपल्याकडचा वाडा डोळ्यांसमोर आणा, फक्त मजला एकच. तर बेइझोंगबू नावाच्या हुतोंगमधलं असं एक घर पाडलं गेल्याची बातमी बाहेर आली. १९३०च्या दशकात तिथे एक नवरा-बायको भाड्याने राहायचे, लिआंग सिचेंग आणि लिन हुईयिन. चीनच्या जुन्या इमारतींचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्यांनी सुरू केला, ते हे दोघं. म्हणजे जुनी घरं वाचवा असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसांचंच घर पाडलं. लोक भडकले तेव्हा पाडणाऱ्यांकडून खुलासा आला, की हे 'देखभालीसाठी केलेलं पाडकाम' आहे. हा शब्द ऐकून मी दोन मिनिटं नुसता हसत होतो. आमच्याकडे सर्व्हरवरचा डेटा उडाला की 'नियोजित मेंटेनन्स' असा मेल येतो, तसलंच हे.

आणि बरोबर महिन्याभराने, २७ फेब्रुवारी २०१२ला, त्या वर्षीचं प्रित्झकर पारितोषिक जाहीर झालं. आर्किटेक्चरमधलं नोबेलच म्हणतात त्याला. ते मिळालं हांगझोऊ शहरातल्या वांग शू या आर्किटेक्टला. चीनचा नागरिक असलेल्या माणसाला हे पारितोषिक पहिल्यांदाच मिळत होतं. आणि हा माणूस कशासाठी प्रसिद्ध? पाडलेल्या घरांच्या विटा-कौलं गोळा करून त्यातून नव्या इमारती बांधण्यासाठी.

एका महिन्यात या दोन बातम्या. आजचा सगळा एपिसोड या दोन बातम्यांच्या मधे बसतो.

आधी लिआंग आणि लिनबद्दल, कारण त्यांच्याशिवाय पुढचं काही लागत नाही. लिआंगचा जन्म १९०१चा, टोकियोचा. वडील लिआंग छीचाव, मोठे सुधारक, तेव्हा जपानमध्ये परागंदा होते. लिन १९०४ची. दोघंही १९२४मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकायला गेले. लिनला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला नाही, कारण त्या विभागात मुलींना घेत नसत. मग तिने फाइन आर्ट्सला नाव घातलं आणि आर्किटेक्चरचे जवळपास सगळे विषय बाहेरून केले. विद्यापीठाने तिला आर्किटेक्चरची पदवी दिली ती २०२४मध्ये, तिच्या मृत्यूनंतर ६९ वर्षांनी. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे याच्याच जवळची आणखी एक येणार आहे.

परत आल्यावर दोघांनी काय केलं, तर खेचरांवर बसून, बैलगाड्यांतून खेडोपाडी फिरून जुनी देवळं मोजायला सुरुवात केली. टेप लावायची, तुळयांवर चढायचं, नकाशे काढायचे. तेव्हा जपानी अभ्यासकांचं ठाम मत होतं, की तांग काळातली, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकातली लाकडी इमारत चीनमध्ये एकही उरलेली नाही. बघायची असेल तर जपानमध्ये नाराला या. १९३७च्या उन्हाळ्यात वूताय पर्वतावर या दोघांना फोगुआंग मंदिर सापडलं. छताच्या आत वटवाघळं आणि किड्यांचा खच. लिनची लांबची नजर चांगली होती. काळोखात एका तुळईच्या पोटाला शाईची पुसट अक्षरं तिला खालून दिसली. ओल्या कपड्याने तुळया पुसून काढल्यावर एका स्त्रीचं नाव वाचता आलं, बांधकामासाठी दान देणारीचं. आणि तेच नाव बाहेरच्या दगडी खांबावर होतं, सालासकट. ते साल निघतं इसवी सन ८५७. तांग काळातली इमारत समोर उभी होती.

हे सगळं चालू असताना बीजिंगजवळ ७ जुलैला जपानशी युद्धाला तोंड फुटलं होतं, आणि डोंगरात असलेल्या यांना त्याचा पत्ताही नव्हता. बातमी कळली ती काही दिवसांनी.

युद्ध संपलं, १९४९मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले, आणि बीजिंग राजधानी झाली. आता प्रश्न असा, की नव्या सरकारची कचेऱ्या-मंत्रालयं कुठे बांधायची? १९५०मध्ये लिआंगने चेन झानश्यांग या शहर नियोजकाबरोबर एक प्रस्ताव दिला. जुनं शहर आहे तसं ठेवा, सरकारी केंद्र त्याच्या पश्चिमेला नव्या जागेवर बांधा. शहराभोवती जवळपास ४० किलोमीटरची तटबंदी होती, रुंदीला चांगली ऐसपैस. लिआंगचं म्हणणं, तिच्यावर झाडं लावा, बाकं ठेवा, लोकांना संध्याकाळी फिरू द्या. वेशींवरच्या इमारतींत वाचनालयं काढा. आज एखाद्या स्टार्टअपने ही कल्पना पिचडेकमध्ये टाकली तर पैसे मिळतील. तेव्हा मात्र प्रस्ताव नामंजूर झाला. १९५५मध्ये लिन क्षयाने गेली. त्याच वर्षी लिआंगवर जाहीर टीकेची मोहीम चालली, नव्या इमारतींवर जुन्या धर्तीची खर्चिक छपरं चढवायला लावतो म्हणून. तट आणि वेशी टप्प्याटप्प्याने पाडल्या गेल्या. पुढे तटाच्याच रेषेत भुयारी रेल्वे आली. आज बीजिंग मेट्रोची २ नंबरची लाइन शहराभोवती जे वळसे घेते, ते त्या तटाचे वळसे आहेत. सांस्कृतिक क्रांतीत लिआंगचे हाल झाले आणि १९७२मध्ये तोही गेला.

यानंतरची तीसेक वर्षं मी पटकन उरकतो. १९५०च्या दशकात खासगी आर्किटेक्ट ही जमातच संपली. सगळे सरकारी डिझाइन संस्थांमध्ये नोकरीला. इमारतीवर माणसाचं नाव नाही, संस्थेचं. स्वतंत्र म्हणता येईल असं पहिलं ऑफिस निघालं ते १९९३मध्ये, झांग योंगहे आणि त्यांच्या पत्नी लू लिजिया यांचं. झांग अमेरिकेत शिकून-शिकवून परत आलेले, आणि त्यांचे वडील तिआनआनमेन चौकातल्या प्रचंड संग्रहालयाचे आर्किटेक्ट. मुलाने सुरुवात केली लहानसहान कामांपासून.

मग २००८चं ऑलिंपिक. जगाने बीजिंग पाहिलं. बर्ड्स नेस्ट स्टेडियम स्विस ऑफिसचं, हर्झोग आणि दे म्यूरोन यांचं, सोबत सल्लागार म्हणून चिनी कलाकार आय वेइवेइ. सरकारी टीव्हीची वाकडी बिल्डिंग डच रेम कूलहासची. तिला बीजिंगकर 'मोठी चड्डी' म्हणतात, आणि एकदा हे कळलं की ती बिल्डिंग पुन्हा गंभीरपणे बघता येत नाही. अंड्यासारखं राष्ट्रीय नाट्यगृह फ्रेंच पॉल आंद्रूचं. पैसा चीनचा, मजूर चीनचे, सही मात्र बाहेरची. चिनी आर्किटेक्ट तेव्हा कुठे होते?

एक होता कॅनडात.

मा यानसोंग, जन्म १९७५, बीजिंगच्या हुतोंगमध्येच वाढलेला. येलला शिकला, लंडनमध्ये झाहा हदीदकडे काम केलं, २००४मध्ये मॅड नावाचं ऑफिस सुरू केलं. टोरांटोशेजारच्या मिसिसागा शहरात एका निवासी टॉवरसाठी स्पर्धा होती. २००६मध्ये ती माने जिंकली, तेव्हा तो तिशीचा. चीनमध्ये ऑफिस असलेल्या आर्किटेक्टने परदेशात एवढं मोठं काम जिंकल्याचं तोवर कोणी ऐकलं नव्हतं. डिझाइन कसं आहे, आमच्या भाषेत सांगतो, म्हणजे फॉर लूप. एक अंडाकृती मजला घ्या. पुढचा मजला तोच, फक्त काही अंश फिरवलेला. त्याच्या पुढचा आणखी थोडा. मधल्या भागात जास्त फिरवा, वर-खाली कमी. ५६ मजल्यांनंतर पूर्ण टॉवर २०९ अंशांत वळलेला असतो. प्रत्येक मजल्याला सगळीकडून बाल्कनी. भार घेणाऱ्या भिंती मजल्यागणिक लांब-आखूड होत जातात, म्हणून हे उभं राहतं. लोकांनी नाव ठेवलं मर्लिन मन्रो टॉवर. फ्लॅट इतके झपाट्याने विकले गेले, की बिल्डरने शेजारी ५० मजल्यांचा दुसरा मागवला. २०१२मध्ये दोन्ही पूर्ण झाले.

पुन्हा २०१२. मी मुद्दाम जुळवत नाहीये, आहेच तसं.

प्रामाणिकपणे सांगतो, मला आधी माच आवडायचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर हाच टॉवर होता. एका सूत्रातून एवढं मोठं काही निघतं, याची जादू वाटायची. वांग शूच्या इमारतींचे फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा वाटलं होतं, हे काय, काम अर्धवट सोडलंय का?

वांग शूचा जन्म १९६३, चीनच्या पार वायव्येला उरुम्चीचा. नानजिंगला शिकला, मग हांगझोऊला आला. ९०च्या दशकात देशभर क्रेन नाचत होत्या आणि हा माणूस जवळपास दहा वर्षं मोठ्या कामांपासून लांब राहिला. जुन्या घरांची दुरुस्ती, छोटीमोठी कामं, आणि साइटवर गवंडी-सुतारांबरोबर राहून शिकणं. घर चालत होतं पत्नीच्या पगारावर. पत्नी लू वेनयू, स्वतः आर्किटेक्ट. १९९७मध्ये दोघांनी ऑफिस काढलं आणि नाव ठेवलं 'अमॅच्युअर आर्किटेक्चर स्टुडिओ'. अमॅच्युअर म्हणजे हौशी. धंदेवाईक लोक देशात काय करून ठेवतायत ते बघून ठेवलेलं नाव.

आता निंगबो. पूर्व किनाऱ्यावरचं जुनं बंदर. शहराने नवा भाग आखला, आणि तो आखायला तिथली तीसेक गावं पाडली. मोकळ्या झालेल्या त्या पठारावर इतिहासाचं संग्रहालय बांधायचं ठरलं. पुन्हा ऐका. इतिहास पाडून झाला, आता इतिहासाचं संग्रहालय. वांग शूने साइट पाहिली तेव्हा आजूबाजूला राडारोड्याचे ढीग होते. विटा, कौलं, फरशा, मडक्यांचे तुकडे. काही विटा तर शेकडो वर्षं जुन्या.

त्या भागात एक जुनी पद्धत आहे, वापान. तुटक्या कौलांची आणि विटांची भिंत. किनारा वादळांचा आहे. वादळाने घर पाडलं की नवं सामान येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. मग समोर पडलेलं आहे ते, मोठं-छोटं, आडवं-उभं, एकमेकांत बसवत भिंत रचायची. कोकणात जुन्या घराची कौलं उतरवली की परसात थप्पी लावून ठेवतात ना, कधी ना कधी लागतील म्हणून? त्या थप्पीचीच भिंत केली असं समजा. मात्र हे करणारे गवंडी संपत आले होते, कारण असल्या भिंती कोणाला नकोच होत्या.

वांग शूने हीच भिंत घेतली आणि २४ मीटर उंच चढवली. एवढ्या उंचीवर नुसती वापान टिकणार नाही, म्हणून आतून काँक्रीट आणि पोलादाचा आधार. जिथे वापान नाही, तिथे काँक्रीट, पण बांबूच्या साच्यात ओतलेलं. साचा काढल्यावर भिंतीवर बांबूच्या पेरांचे ठसे राहतात. वरच्या भागात भिंती बाहेर झुकतात आणि इमारत मधूनच चिरल्यासारखी होते, डोंगराला घळी पडाव्यात तशी. २००८मध्ये ती पूर्ण झाली. हो, बर्ड्स नेस्टच्याच वर्षी.

कुठली वीट कुठे, हे ड्रॉइंगमध्ये दाखवताच येत नाही. आर्किटेक्टने पट्टे ठरवायचे, रंगांचा अंदाज द्यायचा आणि मग गवंड्याच्या हातावर सोडायचं. माच्या टॉवरमध्ये प्रत्येक मजला सूत्राने काढता येतो. या भिंतीतला एकही चौरस फूट दुसऱ्यासारखा नाही. कोडिंग करणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आम्हाला शिकवलेलं असतं, की एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही. इथे एकही गोष्ट दोनदा होत नाही.

नव्या चकचकीत वस्तीत हे जुनं सामान कशाला, अशी कुरकुर झालीच. पण संग्रहालय उघडल्यावर येणाऱ्यांत त्या पाडलेल्या गावांतली माणसंही होती. काचेच्या पेटीतल्या वस्तूंपेक्षा बाहेरच्या भिंतीतच त्यांना आपलं काही सापडायचं. आमच्या अंगणात अशी फरशी होती, हे कौल आमच्याकडचं असेल.

याच्या आधी हांगझोऊला कला अकादमीच्या श्यांगशान कॅम्पसवर या दोघांनी पाडलेल्या घरांची २० लाखांहून जास्त कौलं वापरली होती. २००६मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात ६६,००० जुन्या कौलांचं उतरतं छप्पर जमिनीवर मांडलं आणि त्यावरून चालायला बांबूचा पूल केला. आकडे सांगतोय ते हे सामान किती स्वस्त आणि किती मुबलक होतं हे कळावं म्हणून. एवढी कौलं उपलब्ध असतात, तेव्हा त्यांच्याखालची घरं गेलेली असतात.

आणि इथे माझं थोडं अडतं. लिआंग सिचेंग म्हणत होता, पाडू नका. वांग शू म्हणतो, पाडलंय ना, मग निदान विटा तरी द्या. या दोन वाक्यांत ६० वर्षांचं अंतर आहे आणि त्या अंतरात बराच पराभव आहे. निंगबोची भिंत अप्रतिम आहे. पण ती पाहून कोणाला असंही वाटू शकतं, की चला, गावं गेली तरी आठवण छान जपली. पाडणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय असणार? मी बरेच दिवस याच मताचा होतो. मग लक्षात आलं, की वांग शूने त्या विटा गुळगुळीत करून, पॉलिश मारून लावलेल्या नाहीत. भिंत बघितली की पहिला प्रश्न हाच येतो, हे सगळं आलं कुठून? उत्तर समोरच्या मोकळ्या पठारावर असतं. भिंत ती गोष्ट लपवत नाही. एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे. तुम्हाला पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा.

थोडं विषयांतर, पण आपल्याकडचं आहे म्हणून. प्रित्झकर मिळालेले पहिले भारतीय म्हणजे बाळकृष्ण दोशी, २०१८मध्ये. जन्म पुण्याचा, १९२७चा. अहमदाबादमधलं त्यांचं ऑफिस 'संगाथ', त्याच्या अर्धगोल छपरांवर चिनीमातीच्या फुटक्या फरशांचे पांढरे तुकडे आहेत. ऊन परततं, आतलं तापमान उतरतं. आपल्याकडे गच्चीवर हेच करतात आणि त्याला म्हणतात काय? चायना मोझॅक. टाकाऊ तुकड्यांतून छप्पर ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही. फक्त आपल्याकडे ते वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनमध्ये येतं, इतिहासात येत नाही.

परत प्रित्झकरकडे. मे २०१२मध्ये बीजिंगच्या ग्रेट हॉलमध्ये समारंभ झाला. पदक एकट्या वांग शूला. लू वेनयूचं काय? ऑफिस दोघांचं, इमारती दोघांच्या. दोनच वर्षांपूर्वी, २०१०मध्ये, जर्मनीतलं शेलिंग पारितोषिक दोघांना मिळून मिळालं होतं. प्रित्झकरवाल्यांना मात्र एकच नाव दिसलं. आपल्याला प्रसिद्धीची हौस नाही असं लू वेनयू स्वतः सांगतात, आणि त्यांचं खरं मानायलाही हरकत नाही. पण विचारायची वेळ त्यांच्यावर आणली कोणी? सुरुवातीला सांगितलेली लिनची पदवी आठवा.

एक नाव इथे घ्यायला हवं, आय. एम. पेइ. लूव्हरचा काचेचा पिरॅमिड त्यांचा. जन्म चीनचा, पण १९३५मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथलेच झाले. १९८३मध्ये प्रित्झकर मिळालं तेव्हा ते अमेरिकन नागरिक होते. बक्षिसाच्या पैशातून त्यांनी चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत आर्किटेक्चर शिकायला शिष्यवृत्ती ठेवली. अट एकच, शिकून परत जायचं आणि चीनमध्ये काम करायचं.

मा यानसोंगचं पुढे काय झालं? २०१४मध्ये राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी जाहीरपणे सांगितलं, की विचित्र इमारती आता पुरे. २०१६मध्ये तशा सरकारी सूचनाच आल्या. मा थांबला नाही. २०१५मध्ये हार्बिनचं ऑपेरा हाउस झालं, बर्फाचा ढीग वाऱ्याने वळवल्यासारखं. लॉस एंजेलिसमधलं ल्यूकास म्युझियमही त्याचंच, स्टार वॉर्सवाले जॉर्ज ल्यूकास यांचं. पण त्याच्याबद्दल माझं मत पुन्हा वर गेलं ते रॉटरडॅममुळे. मे २०२५मध्ये तिथे फेनिक्स नावाचं स्थलांतराचं संग्रहालय उघडलं. इमारत नवी नाही, १९२३चं बंदरावरचं गोदाम आहे. लाखो युरोपियन याच धक्क्यांवरून बोटीत बसून अमेरिकेला गेले. माने गोदाम तसंच ठेवलं आणि आतून ३० मीटर उंच दुहेरी जिना काढला, जो छप्पर फोडून वर येतो. बाहेरून आरशासारखं पोलाद, २९७ पत्रे. मघाशी वावटळ म्हणालो ती हीच. दोन जिने एकमेकांभोवती फिरतात, वर चढणारा माणूस खाली उतरणाऱ्याला मधेच भेटतो आणि सुटतो.

आणि जागा कुठली, तर काटेनड्रेख्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच युरोपातल्या जुन्या चायनाटाउनपैकी एक होती. डच बोटींवर कोळसा घालणारे चिनी खलाशी इथल्या खानावळींत आणि खोल्यांमध्ये राहायचे. पहिले आले १९११मध्ये, तेही डच खलाशांचा संप मोडायला आणलेले. शंभर वर्षांनी त्याच धक्क्यावर बीजिंगच्या बोळातला मुलगा युरोपातलं आपलं पहिलं सांस्कृतिक काम करतो. इथे त्याने काही पाडलं नाही, हे मला जास्त आवडलं.

शेवटचं नाव लिऊ जियाकून. मार्च २०२५मध्ये प्रित्झकर यांना जाहीर झालं. जन्म १९५६, चेंगदूचा. आर्किटेक्चर शिकले, मग बरीच वर्षं कथा-कादंबऱ्या लिहिल्या, १९९९मध्ये स्वतःचं ऑफिस काढलं. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. २००२च्या एका मूर्ती संग्रहालयाचं काम होतं. स्थानिक मजूर शेतकरी घरांतले, त्यांना काँक्रीटची सरळ भिंत ओतायचा सराव नव्हता. लिऊंनी आधी त्यांना विटेची भिंत बांधायला लावली, कारण ती त्यांना उत्तम यायची, आणि तिच्याच आधाराने बाहेरून काँक्रीट ओतलं. भिंत ओळंब्यात आली. मजुराला नावं ठेवण्यापेक्षा डिझाइन बदललं.

१२ मे २००८ला, ऑलिंपिकच्या उद्घाटनाला तीन महिने असताना, सिचुआनमध्ये भूकंप झाला. मृत आणि बेपत्ता मिळून ८७,०००च्या आसपास. त्यात ५,०००हून जास्त शाळकरी मुलं. बऱ्याच ठिकाणी शेजारच्या इमारती उभ्या राहिल्या आणि शाळा कोसळल्या, म्हणून आईवडील विचारू लागले, बांधकामात काय घातलं होतं? त्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही. विचारणाऱ्यांना गप्प बसवलं गेलं. आय वेइवेइ, हो, स्टेडियमवाला, त्याने स्वयंसेवक गोळा करून मुलांची नावं जमवली. पडलेल्या शाळांच्या वाकड्या सळया मिळवल्या आणि एकेक हाताने ठोकून सरळ करून घेतल्या. अशा १५० टन सळयांचं त्याचं काम आहे, नाव 'स्ट्रेट'. नुसत्या सळया, जमिनीवर मांडलेल्या.

लिऊंनी त्याच राडारोड्याची वीट केली. ढिगाऱ्याचा भुगा, शेतातला गव्हाचा काड आणि सिमेंट. साधा साचा, साधं मशीन, गावातच करता येण्यासारखं. तिला नाव दिलं 'पुनर्जन्माची वीट'. ज्यांचं घर पडलं त्यांनी त्याच घरातून पुन्हा बांधावं, ही कल्पना. पुढे ही वीट मोठ्या कामांतही गेली. चेंगदूतलं 'वेस्ट व्हिलेज' २०१५चं. पूर्ण ब्लॉकच्या कडेने पाच मजले, मधे मैदानं, आणि वरपर्यंत जाणारे उतार, ज्यांवरून लोक पळतात, सायकली चालवतात. तिथल्या पोकळ विटांच्या भोकांतून गवत उगवतं आणि कोणी उपटत नाही.

या सगळ्यांत लिऊंची मला सगळ्यात धीट वाटलेली इमारत म्हणजे एक खोली आहे. भूकंपानंतर त्यांना एक जोडपं भेटलं. त्यांची १५ वर्षांची मुलगी शाळेखाली गेली होती. आईने मुलीची नाळ आणि दुधाचे दात जपून ठेवले होते. ती कोणी प्रसिद्ध मुलगी नव्हती. लिऊंनी स्वतःच्या खर्चाने तिच्यासाठी स्मारक बांधलं, चेंगदूजवळच्या आनरेन गावात, झाडीत. आकार मदतकार्यातल्या तंबूचा. बाहेरून साधा करडा गिलावा. आतून गुलाबी, कारण तो तिचा आवडता रंग. छताला एक गोल झरोका आणि भिंतींवर तिच्या वस्तू.

हजारो मुलांमधल्या एका मुलीचं नाव घेऊन केलेली ही खोली, लिआंग आणि लिन मोजत फिरायचे त्या देवळांच्या गाभाऱ्यापेक्षाही लहान आहे. आत एका वेळी चार-पाच माणसं मावतील.

आज इथेच थांबतो. निंगबोच्या भिंतीचे फोटो मोबाइलवर झूम करून बघा, आणि कुठल्या कौलावर काही खूण दिसली तर मला पाठवा.